ज्यांना सुतक लागत नाही

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना सुटलं असेल तर इथे निवांत वाचा.)

सुरुवात करण्याआधी एक सूचना. आज आपण मृत्यूबद्दल बोलणार आहोत. मध्ये एका परिचारिकेवर झालेल्या हिंसक हल्ल्याचा उल्लेखही येईल. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, तर हा भाग काही दिवसांनी ऐका. इतिहास कुठे पळून जात नाही.



तुमच्यापैकी जे मीरा-भाईंदरमध्ये राहतात, त्यांनी पहाटे साडेपाचचं भाईंदर स्टेशन पाहिलंच असेल. लेडीज डब्यात त्या वेळी कोण असतं? भाजीवाल्या असतात, ऑफिसांची साफसफाई करणाऱ्या असतात आणि नर्स असतात. मॉर्निंग ड्युटी सातच्या आसपास सुरू होते, म्हणजे परळला पोचायचं तर पहाटेची गाडी पकडावीच लागते. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेली होती. मुंबईच्या मोठमोठ्या इस्पितळांमध्ये रात्रंदिवस राबणारी कितीतरी माणसं याच पट्ट्यात झोपायला येतात.

माझी मोठी मावशी त्यांच्यातलीच. 1987 ते 2021, चौतीस वर्षं ती मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात नर्स होती. मी कॉलेजात असताना एकदा तिला विचारलं होतं, "मावशी, आजवर किती माणसं जाताना पाहिलीस गं?"

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मोजली असती तर नोकरी झाली नसती."

बस. विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो संपला नाही. आजचा भाग त्याच प्रश्नावर आहे. रोज मरण बघणाऱ्या या बायका, आणि आता पुरुषही, घरी येऊन कुकर कसा लावतात? हे बळ स्वभावात असतं, की कोणीतरी शिकवतं? आणि आपल्या महाराष्ट्रात ते कसं घडत गेलं?

सुतक म्हणजे सुट्टीसुद्धा

आधी एक घरगुती गोष्ट. आपल्याकडे घरात कोणी गेलं की सुतक लागतं. दहा दिवस देवपूजा नाही, सण नाही, कोणाकडे जाणं नाही. मग दहावं, बारावं, तेरावं. आता मुंबईत कित्येक घरांत हे तीन दिवसांत उरकतात, पण कल्पना तीच.

आपण सुतकाकडे फक्त 'विटाळ' म्हणून बघतो, आणि त्यातल्या शिवाशिवीच्या भागावर टीका व्हायलाच हवी. पण सुतकाची एक दुसरी बाजूही आहे. सुतक म्हणजे समाजाने दुःखी माणसाला दिलेली रजा. तू काही करू नकोस, शेजारी पिठलं-भात आणून देतील, कोणी तुला हसायला सांगणार नाही.

आता नर्सचा विचार करा. मेलेल्या माणसाला तिच्याइतकं कोण हात लावतं? श्वास थांबला की डॉक्टर तपासतात, वेळ लिहितात, नातेवाइकांना सांगतात. त्यानंतर पडदे ओढून सलाईनची सुई कोण काढतं? डोळे कोण मिटवतं, जबडा कोण बांधतं, अंग कोण पुसतं, हातापायांना नावाची पट्टी कोण लावतं? नर्स, आणि तिच्यासोबत वॉर्डमधल्या मावशी किंवा मामा. हे झाल्यावर तासाभरात त्याच खाटेवर नवीन चादर पडते आणि कॅज्युअल्टीमधून नवीन पेशंट येतो. नर्सला सुतक नाही. दहा दिवस सोडा, दहा मिनिटंही नाहीत.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखाबद्दल एक पुस्तक काढलं. जे दुःख खरं असतं, पण समाज ज्याला मान्यता देत नाही, ते दुःख. आपल्या भाषेत त्याला 'सुतक न लागणारं दुःख' म्हणता येईल.

1897: हात कोण लावणार?

चला, मागे जाऊ. सप्टेंबर 1896. मुंबईत मांडवीच्या गल्ल्यांमध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत अर्धी मुंबई गाव सोडून पळाली म्हणावं अशी अवस्था झाली. सरकार आजाऱ्यांना जबरदस्तीने इस्पितळात नेऊ लागलं, आणि लोकांना इस्पितळाचीच जास्त भीती वाटायला लागली. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. हेच आजचं कस्तुरबा हॉस्पिटल. नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येईल.

लोक इतके का घाबरले? रोगाचं भय तर होतंच. पण आणखी एक प्रश्न होता: तिथे मी मेलो, तर मला हात कोण लावणार? कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा माणूस पाणी पाजणार, अंग पुसणार? म्हणूनच पुढे मुंबईत जातवार, धर्मवार प्लेगची वेगवेगळी इस्पितळं उभी राहिली. शुश्रूषेचा प्रश्न औषधाच्या आधी स्पर्शाचा प्रश्न होता.

पुण्यात याच प्रश्नाला एका बाईने आपल्या पाठीने उत्तर दिलं. सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. जोतीराव जाऊन सहा वर्षं उलटली होती. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर, हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला, आणि सावित्रीबाई रोगी आणायला स्वतः जाऊ लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, अशी हकीकत सांगितली जाते. त्यात त्यांनाच प्लेग झाला. 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

आपण सावित्रीबाईंना शिक्षिका म्हणून ओळखतो, ते बरोबरच आहे. पण त्यांचा शेवट एका शुश्रूषा करणाऱ्या बाईचा आहे. त्या प्रशिक्षित नर्स नव्हत्या. त्यांच्याकडे गाऊन नव्हता, मास्क नव्हता, मन मोकळं करायला समुपदेशक नव्हता. आयुष्यभर शिवाशिव मोडण्याचा सराव मात्र होता. जिवंत माणसाला हात लावायला जी घाबरली नाही, तिला मरणाऱ्या माणसाला हात लावायची भीती वाटली नाही.

विधवा आणि पांढरी साडी

बारा वर्षं पुढे या. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. रमाबाई स्वतः 1901 मध्ये विधवा झाल्या होत्या. सेवासदनने जी कामं हातात घेतली त्यातलं एक धाडसी काम म्हणजे बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवणं.

आज यात काय विशेष, असं वाटेल. पण तेव्हाच्या पांढरपेशा घरांत नर्सचं काम म्हणजे हलकं काम. परपुरुषाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, प्रेताला शिवायचं. पुण्याच्या वाड्यातून मुलगी या कामाला पाठवणं सोपं नव्हतं. त्यामुळे आल्या त्यांच्यात विधवा बऱ्याच होत्या. विधवा बाईला समाजाने आधीच अशुभ ठरवून कोपऱ्यात बसवलेलं. रमाबाईंसारख्या बायकांनी त्याच कोपऱ्यातून एक व्यवसाय बाहेर काढला.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्या पहिल्या पिढीच्या मराठी नर्सपैकी अनेकींनी वॉर्डमध्ये येण्याआधीच घरात मरण बघितलं होतं, आणि त्याची किंमतही मोजली होती. दुसऱ्याच्या दुःखाजवळ बसायला त्यांना निराळं शिकवावं लागलं नसणार.

बारा नंबरचा डेंग्यू

पण व्यवसाय वाढला की नुसत्या स्वभावावर भागत नाही. शंभर खाटांचा वॉर्ड असला तर रोज रडून चालेल का? मग इस्पितळांनी एक युक्ती काढली. ती कोणी एका जागी बसून ठरवली नाही, ती आपोआप घडत गेली.

1959 च्या सुमारास इझाबेल मेन्झीस या मानसविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका शिकाऊ रुग्णालयाचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की नर्सला एका पेशंटशी जोडूच द्यायचं नाही, अशी सगळी व्यवस्था आहे. एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीने सगळ्यांच्या चादरी बदलायच्या, तिसरीने सगळ्यांना औषधं द्यायची. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, खाटेचा नंबर किंवा आजाराचं नाव घ्यायचं. रडणाऱ्या नर्सला धीर देण्याऐवजी दटावायचं. मेन्झीस म्हणाल्या, ही शिस्त म्हणजे भीतीविरुद्ध उभारलेली तटबंदी आहे. आणि ही तटबंदी नीट काम करत नव्हती. तिथल्या साधारण एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. माणसाशी नातं तोडल्याने दुःख गेलं नाही, पण कामातला आनंद मात्र गेला.

हे ऐकून लंडन लांब वाटतं का? आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डमध्ये जा. 'बारा नंबरच्या डेंग्यूचं सलाईन संपलंय.' 'सात नंबर एक्सपायर झाला.' एक्सपायर! औषधाच्या बाटलीवर असते तशी तारीख.

मी मावशीला हे सांगितलं, जरा हुशारी मारतच. ती म्हणाली, "नंबर लागतो रे. रात्री तीन वाजता दोघींनी चाळीस पेशंट बघायचे तर नंबरच आठवतो. पण माणूस जायला लागला की नंबर सोडायचा. तेव्हा आजोबा म्हणायचं. गेल्यानंतरही आजोबाच म्हणायचं. बॉडी म्हणायचं नाही. निदान पडदा उघडेपर्यंत तरी."

मला वाटतं, नवखी नर्स आणि मुरलेली नर्स यांच्यातला फरक या एका वाक्यात आहे. नवखीला वाटतं, एक तर प्रत्येकासाठी रडायचं, नाही तर दगड व्हायचं. मुरलेलीला नंबर आणि नाव यांच्यामध्ये ये-जा करता येते, आणि केव्हा काय, ते तिला कळतं.

के.ई.एम.: पंचेचाळीस हजार हँडओव्हर

आता त्या गोष्टीकडे येऊ, जिच्याशिवाय मुंबईच्या नर्सबद्दल बोलताच येत नाही.

27 नोव्हेंबर 1973. परळचं के.ई.एम. रुग्णालय. कर्नाटकातल्या हळदीपूरहून आलेली पंचवीस वर्षांची परिचारिका अरुणा शानबाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. ती वाचली, पण परत कधी उठली नाही. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नासाठी, सात वर्षांची.

त्यानंतर अरुणा के.ई.एम.च्या चार नंबर वॉर्डला लागून असलेल्या खोलीत राहिली. 18 मे 2015 पर्यंत. साडेएक्केचाळीस वर्षं.

जरा हिशोब करून बघा. पंधरा हजारांहून जास्त दिवस. दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर पंचेचाळीस हजार वेळा एका नर्सने दुसरीला अरुणाचा हँडओव्हर दिला. तिच्याबरोबर काम केलेल्या निवृत्त झाल्या. जिने तिला चालताना कधी पाहिलंच नाही अशी पिढी आली, तीही म्हातारी होत आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, त्वचा कोरडी ठेवावी लागते, नाही तर दाब पडून जखमा होतात. घरी म्हातारं माणूस सांभाळलेल्यांना हे माहीत आहे, दोन महिन्यांत बेडसोअर होतात. अरुणाला इतक्या वर्षांत एकही जखम झाली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयासमोर झाली.

ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करायची म्हणून तिला दुसरीकडे हलवायचा विचार महापालिकेने केला, तेव्हा नर्सनी आंदोलन करून तो हाणून पाडला.

मग 2009 मध्ये पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणावर 1998 मध्ये पुस्तक लिहिलेल्या याच बाई. त्यांचं म्हणणं असं, की हे जगणं नाही, तिला आता शांतपणे जाऊ द्या. के.ई.एम.च्या नर्स आणि कर्मचारी म्हणाले, नाही, आम्ही सांभाळतो आहोत आणि सांभाळणार. एका निवृत्त परिचारिकेने तर पगाराशिवाय तिची काळजी घ्यायची तयारी दाखवली.

7 मार्च 2011 ला निकाल लागला. न्यायालयाने काही अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीवनरक्षक उपचार थांबवायला देशात पहिल्यांदा वाट करून दिली. पण अरुणाच्या बाबतीत म्हटलं, की तिच्या वतीने बोलण्याचा हक्क विराणींचा नाही, तिला वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या के.ई.एम.च्या लोकांचा आहे. आणि ती जगावी, असं त्यांना वाटतं.

इथे क्षणभर थांबूया. आपल्या इस्पितळांत नाती कशी उसनी असतात बघा. नर्सला सिस्टर म्हणायचं, आयाला मावशी, वॉर्डबॉयला मामा. मिनिटभराच्या कामापुरतं नातं. न्यायालयाने जवळजवळ असं सांगितलं, की हे उसनं नातं इथे खरं झालं आहे. त्या दिवशी के.ई.एम.मध्ये मिठाई वाटली गेली.

आता अवघड प्रश्न. नर्स बरोबर होत्या का?

मला विराणींची बाजू चुकीची वाटत नाही. त्यांचाही आग्रह मायेतूनच आलेला. आणि असंही विचारता येईल, की त्या नर्सना अरुणाला सोडवत नव्हतं, ते अरुणासाठी की स्वतःसाठी? रोज एक पेशंट जाताना बघणाऱ्या बायकांनी एक जण तरी जाऊ द्यायची नाही, असं ठरवलं असेल का? जी तिच्यासोबत घडली तीच गोष्ट आपल्यासोबतही घडू शकली असती, हे प्रत्येकीला माहीत होतं. मावशीला हे विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आम्ही सगळ्या तळघरातच कपडे बदलायचो."

मी पुढे काही विचारलं नाही.

18 मे 2015 ला न्यूमोनियाने अरुणा गेली. भोईवाड्याच्या स्मशानात नातेवाईक आणि रुग्णालयाची माणसं, दोघांनी मिळून तिला निरोप दिला. नर्सनी उघडपणे, सगळ्यांसमोर रडून घेतलं. आपल्याच पेशंटसाठी सुतक पाळायची मुभा मुंबईच्या नर्सना त्या दिवशी मिळाली.

वांद्र्याचं दुसरं उत्तर

याच शहरात याच काळात मरणाजवळ बसायची दुसरी एक पद्धतही रुजत होती.

लंडनमध्ये सिसली सॉन्डर्स नावाच्या बाई होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्या नर्स झाल्या, पुढे समाजसेविका, मग डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. हॉस्पिस म्हणजे जिथे आजार बरा करायचा आग्रह सोडून उरलेले दिवस वेदनेशिवाय, मानाने जगता यावेत म्हणून काळजी घेतली जाते. वेदना फक्त शरीरात नसते, ती मनात, घरात, पैशात आणि श्रद्धेतही असते, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला ऐकवलं.

परळला टाटा मेमोरियल 1941 पासून कॅन्सरचे पेशंट बघत होतं. पण उपचार संपल्यावर पेशंटने जायचं कुठे? 1986 मध्ये वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती अवेदना ही संस्था सुरू केली. भारतातलं पहिलं हॉस्पिस. तिथे दाखल होणारा जवळपास प्रत्येक जण जाणार, हे पहिल्या दिवशीच माहीत असतं.

तुम्हाला वाटेल, अशा ठिकाणच्या नर्स तर मोडूनच पडत असतील. पण अनुभवी नर्सशी बोललात तर त्या वेगळंच सांगतात. मरण त्यांना छळत नाही, वाईट मरण छळतं. म्हणजे वेदनेने तळमळत गेलेला माणूस, कोणी जवळ नसताना गेलेला माणूस, किंवा ज्याला खरं सांगितलंच नाही तो माणूस. ज्याचं दुखणं कमी करता आलं, ज्याला मुलीची भेट घडवता आली, त्याचं जाणं दुःख देतं पण आत सलत राहत नाही.

आणि इथे कायदा आडवा येत होता. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन मिळणं इतकं किचकट केलं, की कित्येक इस्पितळांनी ते ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये दुरुस्ती होऊन नियम सैल झाले. मधली जवळजवळ तीस वर्षं हजारो नर्स किंचाळणाऱ्या पेशंटजवळ रिकाम्या हाताने उभ्या राहिल्या. औषध जगात आहे, आपल्या कपाटात नाही. नर्सच्या मनावरचा भार ध्यान-धारणेने हलका होतो की नाही, यावर वाद घाला हवं तर. पण कपाटात मॉर्फिन असलं तर तो नक्की हलका होतो.

2020: विटाळ लागला, सुतक नाही

आता अगदी कालचा इतिहास. मार्च 2020. मुंबईतले कोरोनाचे पहिले पेशंट कुठे ठेवले? कस्तुरबामध्ये. आर्थर रोडच्या त्याच आवारात, जिथे प्लेगच्या साली दगड पडले होते. इकडे भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, म्हणजे आपलं टेंबा हॉस्पिटल, कोविडसाठी राखीव झालं.

15 मार्चला केंद्र सरकारच्या सूचना आल्या. पार्थिव पिशवीत बंद करायचं. आंघोळ घालायची नाही, मिठी मारायची नाही. चेहरा दाखवायचा असेल तर कर्मचारी पिशवीची चेन थोडी उघडतील. संसर्गाच्या दृष्टीने हे योग्यच होतं. पण नर्सच्या हातातून काय गेलं, ते लक्षात घ्या. अंग पुसणं, केस नीट करणं, हळू आवाजात दोन शब्द बोलणं, हे तिचे स्वतःचे अंत्यसंस्कार होते. दुःख निचरायची तेवढी एकच वाट होती, तीही बंद झाली. वर नातेवाईक बाहेर, म्हणून शेवटचा व्हिडिओ कॉल नर्सनेच धरायचा. पीपीईवर मार्करने लिहिलेलं नाव, हे पेशंटने पाहिलेलं शेवटचं अक्षर.

22 मार्चला आपण सगळ्यांनी गॅलरीत थाळ्या वाजवल्या. त्याच सुमारास लोकल बंद झाली. 15 जूनला अत्यावश्यक सेवेसाठी गाड्या सुरू होईपर्यंत या बायका बसने जात होत्या, दोन-दोन, तीन-तीन तास. आणि मावशीच्या सोसायटीतल्या काही मंडळींनी तिला प्रेमाने सुचवलं, "काही दिवस लिफ्ट वापरू नका ना, जिन्याने जा."

पाचवा मजला. अट्ठावन्न जवळ आलेली बाई, बारा तासांची ड्युटी करून.

सुतकाचे दोन भाग असतात असं मी सुरुवातीला म्हटलं. एक, लांब राहा. दुसरा, विश्रांती घे. आपण नर्सना पहिला भाग पुरेपूर दिला. दुसरा द्यायला विसरलो.

मग त्या करतात काय?

तर मंडळी, सव्वाशे वर्षांचा हा प्रवास बघितल्यावर उत्तर काय दिसतं? मुरलेली नर्स निबर झालेली नसते. ती तीन-चार गोष्टी करते, आणि त्या बहुतेक वेळा कुठल्या पुस्तकात नव्हे, जुन्या सिस्टरला बघून शिकते.

ती हाताने निरोप देते. पडद्यामागची ती दहा-पंधरा मिनिटं घाईत उरकत नाही. घड्याळ काढून ठेवावं तसं बाकीचं काम बाजूला ठेवते.

ती आपल्या बरोबरीच्यांशी बोलते. नवऱ्याशी नाही, मुलांशी नाही. चहाच्या खोलीत, जिला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही तिच्याशी. नव्या मुलीच्या हातून पहिला पेशंट जातो तेव्हा इनचार्ज सिस्टर तिला एकटीला सोडत नाही, आणि मग कधीतरी विनोदही करते. बाहेरच्याला तो विनोद क्रूर वाटेल.

ती स्वतःला विचारते, 'माझ्याकडून राहिलं का काही?' उत्तर 'नाही' आलं तर झोपते. 'हो' आलं तर पुढच्या वेळी ते करते.

आणि कुठे कुठे आता संस्थाही शिकू लागल्या आहेत. जोनाथन बार्टेल्स नावाच्या अमेरिकेतल्या एका नर्सने 2009 च्या सुमारास साधी पद्धत सुरू केली. पेशंट गेला की खाटेभोवतीच्या सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहायचं. प्रार्थना सक्तीची नाही, भाषण नाही. फक्त हा एक माणूस होता, हे मान्य करायचं. ती पुढे अनेक देशांतल्या इस्पितळांत गेली. एका मिनिटाचं सुतक म्हणा. याला खर्च शून्य आहे. आपल्या इस्पितळांत का नसावं?

मावशीची स्वतःची पद्धत मला तिच्या निवृत्तीनंतर कळली. ड्युटीवर कोणी गेलं असेल, तर गाडीत ती कोणाशी बोलायची नाही. खिडकीकडे तोंड करून बसायची. "बोरिवलीपर्यंत हॉस्पिटल," ती म्हणाली, "बोरिवली गेलं की घर. मग भाजी काय घ्यायची त्याचा विचार."

तिचं सुतक परळपासून बोरिवलीपर्यंत होतं. पाऊण तास.

गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर दादरहून येत होतो. गर्दी थोडी कमी होती म्हणून आम्ही जनरल डब्यातच चढलो, तिला खिडकी मिळाली. वांद्र्याला एक मुलगी चढली, बावीस-तेवीसची. गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड, पिशवीत पांढरे बूट. दाराजवळच्या दांड्याला टेकून उभी, डोळे मिटलेले. मावशीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि उठली. तिला हाताला धरून आपल्या खिडकीत बसवलं. मुलगी म्हणाली, "नको काकी, बसा तुम्ही."

मावशी म्हणाली, "बस गं. बोरिवलीपर्यंत तुला कोणी उठवणार नाही."

ती मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली. आम्ही दोघं उभ्याने आलो.

तुमच्या घरात, इमारतीत, मित्रमंडळींत कोणी नर्स असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. किंवा पाठवूही नका. आज ड्युटी कशी होती, एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत फोन खाली ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.